दस नौ आठ : वास्तू नसलेल्या संस्थेची तीस वर्षे

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की पहिले पान वास्तूला जाते. कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, जागा कोणी दिली, कौले कितीदा शाकारली, सभागृहाला कोणाचे नाव पडले. चाइल्डलाइनच्या इतिहासात हे पान नाही. १९९६ च्या जून महिन्यात मुंबईत सुरू झालेल्या या कामाजवळ मुलांना ठेवून घ्यायला स्वतःचे एकही घर नव्हते. होता तो एक टेलिफोन क्रमांक, १०९८, आणि तो वाजला की उठून जाणारी माणसे. पुढे जोडल्या गेलेल्या काही संस्था स्वतःची बालगृहे चालवत असत. पण चाइल्डलाइन म्हणून त्यांचे काम ठरलेले होते. मुलापर्यंत पोहोचायचे, त्याला बाल कल्याण समितीपुढे न्यायचे आणि नंतर त्याचे काय झाले ते विचारत राहायचे.

हा इतिहास रायगडच्या किनाऱ्यावरून सांगायला कारण आहे. मुंबईत जन्मलेल्या या संस्थेची सर्वांत मोठी कसोटी ज्या खटल्यात लागली, त्याचे एक टोक कुलाब्यात होते आणि दुसरे मुरुडमध्ये. रस्त्यावरचे मूल छपराखाली गेले म्हणजे काम फत्ते झाले, अशी तोवर सर्वांचीच समजूत होती. त्या खटल्याने ती मोडली. छपराखाली काय चालले आहे हे विचारणारा बाहेरचा माणूस लागतो, आणि तो घर चालवणाऱ्याचा मिंधा असून चालत नाही. तीस वर्षांच्या वाटचालीतून एकच गोष्ट पुढच्यांच्या हाती द्यायची तर ती ही.

आधीची घरे

निराधार मुलांचे काम महाराष्ट्राला नवे नव्हते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८७५ मध्ये पंढरपुरात टाकून दिलेल्या अर्भकांसाठी लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने बालकाश्रम उभा राहिला आणि प्रार्थना समाजाने तो सांभाळला. या घरांसमोरचा प्रश्न जन्मतःच नाकारलेल्या मुलांचा होता.

शहराच्या रस्त्यावर एकटे फिरणारे पोर हा प्रश्न गिरण्या, गोद्या आणि रेल्वे यांच्याबरोबर वाढला. सरकारने त्याला कायद्याने उत्तर दिले. १९२४ मध्ये मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा झाला, १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि डोंगरीला उमरखाडीच्या जुन्या तुरुंगात मुलांचे गृह आले. भिंती तुरुंगाच्याच असल्याने लोकांच्या मनात ‘रिमांड होम’ची धास्ती बसली ती कायमची. कोकणातल्या घरांत आजही पोरांना धाक घालायला हा शब्द पुरतो. घर सोडून पळालेला मुलगा पोलिसाला पाहून आधी पळतो आणि मग विचार करतो, त्यामागे हा वारसा आहे.

स्वातंत्र्यानंतर स्वयंसेवी संस्था पुढे आल्या. १९६२ मध्ये येशूसंघीय धर्मगुरूंनी मुंबईत स्नेहसदन सुरू केले आणि मोठ्या वसतिगृहाऐवजी लहान लहान घरांत, कुटुंबासारखे मुलांना ठेवण्याची रीत पाडली. १९८६ मध्ये कामाठीपुऱ्यात प्रेरणा संस्थेचे काम उभे राहिले. तिचे मुलींचे गृह पुढे खारघरला, म्हणजे रायगडच्या हद्दीत आले. १९८७ मध्ये वडाळ्याला डॉन बॉस्कोचे शेल्टर सुरू झाले. १९८८ मध्ये मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’ या चित्रपटाने फलाटावरची मुले जगाच्या पडद्यावर नेली आणि त्यातूनच सलाम बालक ट्रस्ट निघाला. याच काळात पत्रकार शीला बारसे तुरुंगात आणि निरीक्षणगृहांत अडकलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात झगडत होत्या. १९८६ मध्ये बाल न्यायाचा पहिला देशव्यापी कायदा झाला तो या वातावरणात.

थोडक्यात, १९९० च्या दशकात मुंबईत घरे होती, रात्रनिवारे होते, कायदाही होता. रात्री दोन वाजता तापाने फणफणलेल्या मित्राला घेऊन दादरच्या फलाटावर बसलेल्या पोराने कोणाला हाक मारायची, याचे उत्तर मात्र कोणाकडे नव्हते.

क्रमांकाचा जन्म

टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया रस्त्यावरच्या मुलांच्या रात्रनिवाऱ्यांत जात असत. मुलांना त्यांनी घरचा फोन नंबर देऊन ठेवला होता आणि मुले तो खरोखरच वापरत. कोणाला रुग्णालय दाखल करून घेत नसे, कोणाला मार बसलेला असे, कोणाला फक्त बोलायचे असे. एका बाईच्या घरच्या फोनवर हा भार कायम चालणार नव्हता. त्यातून संस्थेचा क्षेत्रीय प्रकल्प म्हणून चाइल्डलाइन सुरू झाली.

क्रमांक मुलांना तोंडपाठ व्हायला हवा होता. यातली बरीच मुले शाळेत गेलेली नव्हती, पण उलटे आकडे म्हणता येत होते. दस, नौ, आठ. त्यावरून १०९८ ठरला. फोनला पैसे पडणार नाहीत अशी सोय दूरसंचार खात्याकडून करून घेतली. तरी अडचण राहिलीच. त्या काळी फोन म्हणजे पीसीओ, आणि मळक्या कपड्यांतल्या पोराला पीसीओवाला रिसीव्हरला हात लावू देत नसे. त्यामुळे कार्यकर्त्यांचा बराच वेळ पीसीओवाले, हमाल, तिकीट तपासनीस, चहाच्या टपरीवाले आणि पोलीस यांच्याशी ओळखी करण्यात गेला. पुढे दरवर्षी बालदिनाच्या सुमारास होणारा दोस्ती सप्ताह याच गरजेतून आला.

सुरुवातीच्या फळीत रस्त्यावर वाढलेले तरुणही होते. कोणता मुलगा खरा हरवला आहे, कोणता पळून आला आहे, कोणाला कोणी आणून सोडले आहे, हे त्यांना चालण्यावरून कळे. फोन घेणाऱ्यांनाही लवकरच वेगळा धडा मिळाला. पुष्कळ फोनवर कोणी बोलतच नसे. नुसता श्वास ऐकू येई, गाडीची घोषणा ऐकू येई आणि फोन बंद होई. हे फोन खोडसाळ म्हणून कापायचे नाहीत, असा दंडक ठरला. मूल आधी आवाज चाचपून पाहते. बोलते ते तिसऱ्या-चौथ्या वेळी.

दुसरा दंडक ‘ओपन हाऊस’चा. ठरावीक दिवशी मुलांनी एकत्र जमायचे आणि कार्यकर्त्यांसमोरच त्यांच्या कामाची झडती घ्यायची. उशिरा का आलात, अमक्याला कुठे नेलेत, त्या घरातून तो का पळाला. ज्याच्यासाठी संस्था आहे त्यानेच संस्थेला जाब विचारायचा, ही सवय पुढे फार कामी आली.

मुंबईकडून देशाकडे

१९९९ मध्ये चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन स्थापन झाले आणि केंद्र सरकारच्या पाठबळावर ही सेवा शहरामागून शहरात गेली. पैसा सरकारचा, समन्वय फाउंडेशनचा आणि प्रत्यक्ष काम स्थानिक संस्थेचे अशी रचना होती. २००० च्या बाल न्याय कायद्यात, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला बाल कल्याण समितीपुढे कोणी हजर करायचे याच्या यादीत पोलिसांबरोबर चाइल्डलाइनचे नाव आले. एका प्राध्यापिकेच्या घरच्या फोनपासून निघालेल्या कामाला चार वर्षांत संसदेच्या कायद्यात जागा मिळाली. याच कायद्याने मुलगा आणि मुलगी दोघांसाठी वयाची मर्यादा अठरा केली. १९८६ च्या कायद्यात मुलगा सोळाव्या वर्षीच मोठा ठरत असे.

कामाची पद्धत थोडक्यात अशी. फोन आला की जवळचे पथक निघते. शहरात तासाभरात पोहोचायचे असे बंधन असे. मुलाला आधी खायला द्यायचे आणि दुखत-खुपत असेल तर डॉक्टरकडे न्यायचे. नाव-गाव लगेच विचारायचे नाही, कारण पहिले नाव बहुधा खोटे असते. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे हजर करायचे. समिती म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यात एक तरी महिला हवी, आणि समितीला दंडाधिकाऱ्यांच्या पीठाचे अधिकार असतात. मग परिविक्षा अधिकारी किंवा समाजकार्यकर्ता गृहभेट देऊन अहवाल आणतो. घर सुरक्षित असेल तर मुलाला घरी सोडायचे, नसेल तर बालगृहात ठेवायचे. सर्वांत अवघड काम गृहभेटीचे. मूल का पळाले हे न शोधता त्याला घरी पोहोचवले, तर महिनाभरात ते पुन्हा फलाटावर दिसते.

रायगडच्या वाटा

मुंबईच्या मुलांच्या कामात रायगडकडे बराच काळ ‘पलीकडचा जिल्हा’ म्हणून पाहिले गेले. पण एकटे पडलेले मूल इथे नेमके कुठून येते हे पाहिले, तर नकाशाच उलगडतो. पनवेल जंक्शनवर हार्बर मार्गाची लोकल संपते आणि कोकण रेल्वेकडच्या गाड्या लागतात. कर्जतला पुण्याकडून घाट उतरून आलेल्या गाड्या थांबतात. रोह्यापासून पुढे कोकण रेल्वेची हद्द सुरू होते. मुंबईत पकडले जाऊ म्हणून भ्यालेली मुले इथे उतरतात, आणि गोव्याला निघालेली मुले पैसे संपल्यावर इथेच राहतात. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला आणि गेटवेवरून मांडव्याला येणाऱ्या लाँचीतून एखादा मुलगा आला, तर तो कोणाच्या तरी बरोबर आहे असेच सगळे समजतात. अलिबाग, पेण, माणगाव, महाड ही एसटी स्थानके रात्री आसऱ्याची ठरतात. किनाऱ्यावर नागाव, काशीद, मुरुड इथे पर्यटनाचा हंगाम आला की टपऱ्यांवर पोऱ्या लागतो आणि कोणी त्याचे वय विचारत नाही.

दुसरी वाट याच मातीतली आहे. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, अनेकदा मालकाकडून आधीच घेतलेली उचल फेडण्यासाठी. मुले सोबत जातात आणि शाळा सुटते. आई-बाप आजारी पडले, दारूत बुडाले किंवा एकाने दुसरे घर केले की मूल मोकळे पडते. ते मुंबईच्या फलाटावर दिसत नाही. कोणाच्या तरी गोठ्यात, होडीवर किंवा हॉटेलच्या मोरीत दिसते. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुले थोड्याशा पैशांच्या आणि मेंढ्यांच्या मोबदल्यात राबायला दिल्याचे उघड झाले, तेव्हा राज्य हादरले. रायगड, ठाणे आणि पालघरच्या पाड्यांवर फिरलेल्या कार्यकर्त्यांना त्यातले क्रौर्य नवे नव्हते.

तिसरी वाट आपत्तीची. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. आश्रमशाळेत राहत असल्याने वाचलेल्या मुलांपैकी काहींना सकाळी कळले की आपले घर आणि माणसे दोन्ही गेली. अशा वेळी जवळचे म्हणवणारे नातेवाईक आणि दत्तक घ्यायला निघालेले दयाळू लोक एकदमच येतात. त्यांच्यातून मुलाचे हित बघणारा कोण हे ठरवायला शांत डोक्याची समिती लागते.

मुरुडचे घर

१९९५ च्या सुमारास डंकन ग्रँट या ब्रिटिश गृहस्थाने मुंबईत अँकरेज शेल्टर नावाने रस्त्यावरच्या मुलांसाठी निवारा सुरू केला. कुलाबा परिसरात मुलांची राहण्याची सोय होती आणि रायगड जिल्ह्यात मुरुडलाही एक घर होते. अ‍ॅलन वॉटर्स हा त्याचा सहकारी. वरवर पाहता यात खटकण्याजोगे काही नव्हते. गेटवेसमोर भीक मागणारी, गर्दुल्ल्यांच्या संगतीत सापडलेली मुले अंघोळ करून, जेवून, समुद्राच्या मोकळ्या हवेत राहत होती. परदेशी माणसे आपला देश सोडून आपल्या पोरांसाठी राबतात म्हणून कौतुकच होत असे. घराला परवानगी कोणाची, तपासणीला कोण येते, मुले रात्री कुठे झोपतात, हे कोणी विचारले नाही. उपकाराला प्रश्न विचारणे आपल्याकडे असभ्यपणाचे मानले जाते.

२००१ मध्ये मुलेच बोलू लागली. निवाऱ्यात आपल्यावर लैंगिक अत्याचार होतात, विरोध केला तर मार बसतो, असे त्यांनी सांगितले. पत्रकार मेहेर पेस्तनजी, वकील महारुख आदेनवाला आणि चाइल्डलाइनचे कार्यकर्ते यांनी ते ऐकून घेतले आणि सोडून दिले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने बालगृहांवर देखरेख ठेवणारी एक समिती तेव्हा काम करत होती. तिच्या सदस्यांनी मुलांशी बोलून त्यांचे म्हणणे लिहून घेतले. प्रकरण उच्च न्यायालयापुढे गेले आणि वर्षअखेरीस कुलाबा पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. तोवर दोन्ही मुख्य आरोपी देशाबाहेर होते. वॉटर्सला २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर अटक झाली आणि पुढच्या वर्षी त्याला भारताच्या ताब्यात देण्यात आले. ग्रँट २००५ मध्ये हजर झाला.

१८ मार्च २००६ रोजी मुंबईच्या सत्र न्यायालयाने दोघांना ६ वर्षांची आणि निवाऱ्याच्या व्यवस्थापकाला ३ वर्षांची शिक्षा दिली. २००८ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तिघांनाही सोडून दिले. मुलांच्या सांगण्यात फरक आहेत, तक्रारीला उशीर झाला, असे मुद्दे पुढे आले होते. ज्यांनी पाच-सात वर्षे त्या मुलांना साक्षीसाठी उभे केले, त्यांच्यासाठी हा घाव होता. मुले आता तरुण झाली होती, कामाला लागली होती, काहींना तो विषयच नको होता. इथे संस्थेने जो निर्णय घेतला तो तिच्या इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवा. सरकारच्या अपिलावर विसंबून न राहता चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ मार्च २०११ रोजी न्या. पी. सदाशिवम आणि न्या. बी. एस. चौहान यांच्या पीठाने निकाल फिरवला आणि ग्रँट व वॉटर्स यांना सत्र न्यायालयाने सुनावलेली शिक्षा कायम केली. रस्त्यावर वाढलेल्या मुलाची साक्ष, तपशिलात किरकोळ फरक असले तरी, मुळात विश्वासार्ह असू शकते, हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आज चाइल्डलाइनच्या नावानेच माहीत आहे.

असा प्रकार पहिला नव्हता. गोव्यात मडगावला अनाथ मुलांचे घर चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली आणि १९९६ च्या मार्चमध्ये जन्मठेप झाली. त्यानंतर काही वर्षांनी, २००३ मध्ये, गोव्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. दोन्ही ठिकाणी किनारा होता, पर्यटन होते, दानशूर माणसाची प्रतिमा होती आणि घरात बाहेरच्याचे येणे-जाणे नव्हते.

कळंबोली आणि नंतरचे कायदे

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला त्याच सुमारास रायगड जिल्ह्यातले दुसरे प्रकरण बाहेर आले, पनवेलजवळ कळंबोलीत मतिमंद मुलींच्या गृहातले. इथे परदेशी पाहुणे नव्हते आणि समुद्रकिनाराही नव्हता. ज्यांना आपले दुःख शब्दांत मांडता येत नाही अशा मुलींवर संस्थेच्याच चालकाने आणि त्याच्या साथीदारांनी अत्याचार केले. उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या भेटीत ते उघडकीला आले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले. कळंबोलीच्या मुली फोन उचलून दस नौ आठ म्हणू शकत नव्हत्या. तिथे बाहेरून आलेल्या माणसाची नजर हाच त्यांचा फोन होता.

यानंतरच्या कायद्यांवर या प्रकरणांची सावली दिसते. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पॉक्सो, लागू झाला. मुरुडच्या वेळी असा कायदाच नव्हता. वकिलांना जुन्या दंडसंहितेची कलमे जुळवावी लागली होती. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने प्रत्येक बालगृहाला नोंदणी सक्तीची केली आणि नोंदणीविना घर चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड ठेवला. तपासणी समितीने दर तीन महिन्यांतून एकदा तरी घराला भेट द्यावी, तिच्यात किमान तीन सदस्य असावेत आणि त्यांत एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी असावा, असे कायदा सांगतो. घरात मुलांची स्वतःची समिती असावी असेही सांगतो. मुंबईच्या पदपथावर सुरू झालेले ओपन हाऊस या तरतुदीच्या रूपाने गृहाच्या आत गेले.

सेवाही वाढली. २०१५ मध्ये रेल्वे आणि महिला व बालविकास मंत्रालय यांच्यातल्या करारानंतर मोठ्या स्थानकांवर रेल्वे चाइल्डलाइनचे कक्ष आले. रेल्वे सुरक्षा दलाच्या ‘नन्हे फरिश्ते’ मोहिमेमुळे जवानांच्या नजरेत फरक पडला. एकटे मूल त्यांना संशयिताऐवजी मदतीचा धनी वाटू लागले. एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत १०९८ सहाशेच्या आसपास जिल्ह्यांत आणि शंभराहून अधिक स्थानकांवर पोहोचला होता.

हस्तांतर

२०२३ मध्ये या इतिहासाला मोठे वळण मिळाले. मिशन वात्सल्य योजनेनुसार १०९८ ही सेवा राज्य सरकारांच्या महिला व बालविकास खात्याकडे गेली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. राज्यात नियंत्रण कक्ष आणि जिल्ह्यात बाल संरक्षण कक्षाच्या अखत्यारीत हेल्पलाइनचे कर्मचारी अशी नवी रचना आली. सत्तावीस वर्षे हे काम ओढणाऱ्या कितीतरी स्थानिक संस्थांची जबाबदारी संपली.

या बदलाचे फायदे खरे आहेत आणि ते मोकळेपणाने सांगायला हवेत. अनुदानाच्या हप्त्याची वाट पाहत उधारीवर जीपमध्ये डिझेल भरणारे कार्यकर्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना सरकारी आस्थापनेचे मोल कळते. पोलिसांची गाडी एका फोनवर हलू लागली तर पोलादपूरच्या मुलासाठी अलिबागहून शंभर किलोमीटरहून अधिक वाट तुडवत जावे लागणार नाही. मूल सापडल्याची खबर न देणे हा गुन्हा आहे, हे गावच्या पोलीस पाटलाला सरकारी कागदावर आले तर लवकर पटते.

तरीही एक अडचण उरते आणि ती या तीस वर्षांच्या गाभ्याशी आहे. बालगृहाला नोंदणी देणारे, अनुदान देणारे आणि तपासणारे खाते आता तक्रारीचा फोनही घेते. मुरुडचे प्रकरण उघड झाले ते बाहेरच्या माणसांमुळे. पत्रकार, वकील, स्वयंसेवी कार्यकर्ते आणि उच्च न्यायालयाची समिती यांतला कोणीही त्या घराचा परवाना देणारा नव्हता. कळंबोलीतही तेच. आपण मान्यता दिलेल्या घराविरुद्ध आलेली तक्रार ऐकताना कोणत्याही खात्याचा हात आखडतो. हा अमुक अधिकाऱ्याच्या सचोटीचा प्रश्न नाही. अशा रचनेत सज्जन माणूसही आधी फाइल सांभाळतो.

पुढची कामे

हस्तांतर झाले आहे आणि ते मागे फिरवण्याचा आमचा आग्रह नाही. बाहेरची नजर मात्र पुन्हा उभी करावी लागेल, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. रायगडच्या पंधराही तालुक्यांत नोंदणी असलेल्या बालगृहांची यादी तहसील कचेरीच्या फलकावर लावता येईल, म्हणजे यादीबाहेरचे घर गावाला ओळखता येईल. तपासणी समितीच्या तिमाही भेटीत खात्याबाहेरचा एक माणूस नेता येईल: शेजारच्या शाळेतील शिक्षिका, ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर, स्थानिक पत्रकार. १०९८ हा क्रमांक फलाटावर जितक्या मोठ्या अक्षरात लिहिला आहे, तितक्याच मोठ्या अक्षरात बालगृहाच्या आतल्या भिंतीवर लिहिता येईल आणि अधीक्षकाच्या टेबलापासून लांब एक फोन ठेवता येईल. घराविरुद्धची तक्रार असेल तर ती चोवीस तासांत त्या खात्याबाहेर, बाल कल्याण समिती आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, पोहोचलीच पाहिजे असा नियम करता येईल.

जुन्या कार्यकर्त्यांनाही निवृत्त होऊन चालणार नाही. पदे गेली, ओळखपत्रे गेली, पण पनवेलचा हमाल, रेवसचा लाँचवाला आणि भट्टीवरची मुकादमीण आजही त्यांनाच आधी सांगतात. ज्यांनी दहा वर्षे एका निकालासाठी मुलांबरोबर कोर्टाच्या पायऱ्या चढल्या, त्यांना दार कसे ठोठावायचे हे कोणी शिकवायला नको. संस्था वास्तूविना तीस वर्षे चालली ती या माणसांमुळे. पुढेही जे घर मुलांसाठी म्हणून उघडेल, त्याच्या दाराशी जाऊन आत कोण आहे आणि कसे आहे हे विचारण्याचे काम त्यांचेच आहे. ते कोणत्याही खात्याने त्यांच्याकडून काढून घेतलेले नाही.